समोर परीक्षक बसलेला नाहीये: संशोधकाचा टॉक, लेख आणि मुलाखत

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. पीएचडी होऊन दीड वर्ष झालंय, काम उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर आहे, अँटिबायोटिक दिल्यावर त्या जिवाणूंचं काय होतं यावर. पेपर अ‍ॅक्सेप्ट झालाय, सहा आठवड्यांनी कॉन्फरन्समध्ये पंधरा मिनिटांचा टॉक आहे, संस्थेचा जनसंपर्क विभाग प्रेस नोटसाठी मागे लागलाय आणि एका रिपोर्टरचा फोनही येऊन गेलाय. मागच्या टॉकमध्ये चौथ्या-पाचव्या मिनिटालाच लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले, आणि मागच्या मुलाखतीत तुम्ही न बोललेलं वाक्य तुमच्या नावावर छापून आलं. म्हणून विचारताय की आवाज, देहबोली, आत्मविश्वास यासाठी एखादा कोर्स करू का, आणि मीडियाला सरळ नाहीच म्हणू का.

मी स्वतः साथरोगांवर बरीच वर्षं संशोधन केलं आणि गेली बारा वर्षं संशोधकांबरोबर बसून त्यांचे टॉक, लेख, मुलाखती यांवर काम करते. कोर्सबद्दल शेवटी सांगते, कारण मला तुमच्या प्रश्नात आत्मविश्वासाची अडचण दिसतच नाहीये.

मागच्या टॉकची जी रूपरेषा तुम्ही दिलीये ती परत बघा. आधीचं संशोधन तीन स्लाइड, पद्धत पाच स्लाइड, कंट्रोल ग्रुप तसाच का घेतला यावर दोन, मग सहा आलेख, मग मर्यादा, मग आभार. ही व्हायवाची, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेची तयारी झाली. प्रत्येक स्लाइड म्हणजे कुणीतरी घेऊ शकेल अशा आक्षेपाचं आधीच देऊन ठेवलेलं उत्तर आहे. पीएचडीची पाच-सहा वर्षं आपण एकाच प्रकारच्या माणसासमोर बोलायला शिकतो, जो आपल्यापेक्षा जास्त जाणतो आणि ज्याचं कामच आपली चूक शोधणं आहे, आधी गाइड, मग कमिटी, मग रिव्ह्यूअर. मग ती सवय इतकी अंगात मुरते की हॉलमध्ये दीडशे लोक बसलेत, त्यातल्या एकशे चाळीस जणांचा विषय वेगळा आहे, त्यांना आपली चूक काढायची नाहीये, त्यांना फक्त कळून घ्यायचंय की तुम्हाला काय सापडलं, आणि तरी आपण त्या दहा जणांशीच बोलत राहतो. लेख लिहितानाही तेच आणि रिपोर्टरच्या फोनवरही तेच. तीन वेगळी कौशल्यं शिकायची आहेत असं तुम्हाला वाटतंय, पण माझ्या मते अडचण एकच आहे, तुम्ही सांगत नाही, बचाव करता.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला होता. काही लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द सगळं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुम्ही स्लाइडवर एखादा आलेख दाखवता तेव्हा त्यामागचं अख्खं गाणं तुम्हाला ऐकू येत असतं. समोरचे लोक मोबाइल काढतात ते कंटाळा आला म्हणून नव्हे, त्यांना चालच सापडलेली नसते.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधी मान्य करते. कॉन्फरन्स अगदी तुमच्याच उपविषयाची असेल, चाळीस लोक आणि सगळे जिवाणूवालेच, तर पद्धतीला जास्त वेळ द्यावा लागेल, तिथे ते लोक त्यासाठीच आलेले असतात. संस्थेत मीडियाशी बोलायला परवानगी लागते का, हे तुमच्या नेमणुकीवर आहे, ते आधी विचारून घ्या. आणि तुमच्या कामाचा लोकांच्या औषधपाण्याशी संबंध आहे, म्हणून मी पुढे जी काळजी घ्यायला सांगणार आहे तेवढी एखाद्या शुद्ध गणितवाल्याला घ्यावी लागणार नाही. तुम्हाला लागेल.

टॉक

माझ्याकडे कुणी टॉक घेऊन आलं की मी पहिल्या दिवशी स्लाइड उघडूच देत नाही. एक वाक्य मागते. विषय नको, विधान पाहिजे, क्रियापद असलेलं, चूक ठरू शकेल असं. "अँटिबायोटिक्सचा आतड्यातल्या जिवाणूंवरील परिणाम" हा विषय झाला, त्यावरून काहीच कळत नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मी असं करीन: "अँटिबायोटिक थांबवल्यावर उंदरांच्या आतड्यातले बहुतेक जिवाणू परत येतात, पण काही प्रजाती येतच नाहीत." हे ऐकल्यावर माणूस आपणहून विचारतो, कुठल्या येत नाहीत? का? मग काय होतं? बस, तोच तुमच्या टॉकचा क्रम. हे वाक्य काढायला लोकांना दोन-दोन आठवडे लागलेले मी बघितलेत आणि त्यात वेळ वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही, कारण बऱ्याचदा तिथेच लक्षात येतं की आपल्या पेपरमध्ये तीन वाक्यं आहेत आणि आपण अजून त्यातलं एक निवडलेलं नाही.

निवडणं जिवावर येतं, मला माहीत आहे. चार वर्षांचं काम आहे आणि त्यातला एकच तुकडा दाखवायचा. पण २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने तीन मिनिटांत अख्खा प्रबंध, स्लाइड एकच आणि तीही न हलणारी, अशी स्पर्धा सुरू केली आणि आज ती जगभरातल्या विद्यापीठांत होते. तीन मिनिटांत प्रबंध मावत नाहीच. मावतं ते विधान. तुम्ही आपल्या टॉकची तीन मिनिटांची आवृत्ती आधी करा आणि मग ती पंधरापर्यंत वाढवा. चाळीस मिनिटांचं मटेरियल कापून पंधरावर आणायला जाऊ नका, कापलेल्या टॉकमध्ये सगळीकडे जखमा दिसतात.

स्लाइडबद्दल मला एकच गोष्ट जीव तोडून सांगायचीये, आणि ती शीर्षकाची आहे. १६ जानेवारी २००३ ला नासाचं कोलंबिया हे अंतराळयान उडालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज मांडणाऱ्या स्लाइड केल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचलं की असं वाटतं, चाचण्यांचे आकडे सावध बाजूनेच आहेत, म्हणजे काळजीचं फारसं कारण नाही. त्याच स्लाइडवर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, उपमुद्द्याच्याही खालच्या उपमुद्द्यात लिहिलं होतं की चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा आणि इथे आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. सहाशे चाळीस पट. म्हणजे त्या चाचण्या इथे लागूच होत नव्हत्या. वाचणाऱ्यांनी शीर्षक वाचलं. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. अपघात होण्याला कारणं पुष्कळ होती, एका स्लाइडवर सगळं ढकलता येणार नाही, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची खास दखल घेतली. त्याच स्लाइडवर "सिग्निफिकंट" हा शब्द पाच वेळा आला होता, आणि तोही वेगवेगळ्या अर्थांनी.

म्हणून मी सांगते की प्रत्येक स्लाइडच्या डोक्यावर त्या स्लाइडचा निष्कर्ष पूर्ण वाक्यात लिहा. "निकाल २" नको, "३० दिवसांनंतरही या प्रजाती सापडल्या नाहीत" असं लिहा, आकडे अर्थात तुमचे. मग त्याखाली एकच आलेख, आणि त्यावर ज्या रेषेकडे बघायचंय तिला रंग, बाकीच्या करड्या. नुसती शीर्षकं ओळीने वाचली तर टॉक कळला पाहिजे, ही माझी चाचणी. कळत नसेल तर फाँट बदलून, रंग बदलून काही होत नाही.

पंधरा मिनिटं दिली असतील तर बारा मिनिटांची तयारी करा. मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून, निदान पाच वेळा, त्यातले दोनदा तुमच्या विषयाबाहेरच्या माणसासमोर. त्याला "आवडलं का" विचारू नका, सगळे आवडलं म्हणतात. त्याला विचारा, "मला काय सापडलं ते तुझ्या शब्दांत सांग." तो जे सांगेल तोच तुमचा टॉक. पहिली चार वाक्यं मात्र पाठ करा, शब्दन् शब्द, कारण भीती पहिल्या मिनिटातच सगळ्यात जास्त असते आणि तेवढं एक मिनिट पाठांतरावर निघून गेलं की पुढे तुमचं काम तुम्हाला माहीत असतंच.

आणि तुम्ही पाच पद्धतीच्या स्लाइड टाकल्या होत्या ना, त्या फेकू नका, शेवटच्या स्लाइडनंतर ठेवून द्या. ते दहा जाणकार प्रश्न विचारतील तेव्हा उघडा. परीक्षकाची जागा तिथे आहे, प्रश्नोत्तरांत. एखादं उत्तर येत नसेल तर "हे आम्ही तपासलं नाही" एवढं पूर्ण वाक्य आहे, त्यापुढे "पण मला वाटतं की" जोडून दोन मिनिटं अंदाज बांधत बसू नका.

लिहिणं

यावर थोडंच बोलते, कारण ते एक वाक्य सापडलं की निम्मं लिखाण आपोआप सुटतं. पेपरचा क्रम असतो पार्श्वभूमी, पद्धत, निकाल, चर्चा. बाहेरच्या वाचकासाठीचा क्रम उलटा: काय सापडलं, त्याने काय फरक पडतो, कसं शोधलं, आणि मग आधी काय माहीत होतं ते लागेल तेवढंच. "गेल्या काही दशकांत या क्षेत्रात मोठी प्रगती झाली आहे" या छापाचं पहिलं वाक्य मी बघितलं की खोडते, ते कुठल्याही लेखाला चालतं म्हणजे तुमच्या लेखाला त्याची गरज नाही.

मराठीत लिहिणार असाल तर दोन गोष्टी. "नमुन्यांचे विश्लेषण करण्यात आले" हे वाक्य कुणी केलं ते लपवतं, "आम्ही नमुने तपासले" लिहा. आणि प्रत्येक संज्ञेला जड प्रतिशब्द शोधत बसू नका, वाचकाला अँटिबायोटिक कळतं, "प्रतिजैविक" वाचून तो एक क्षण अडतो, तर जो शब्द तो डॉक्टरकडे वापरतो तोच ठेवा. उलट "लक्षणीय" या शब्दाला फार जपा. तुमच्यासाठी त्याचा अर्थ संख्याशास्त्रातला, म्हणजे खरं तर काहीच परिणाम नसता तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने क्वचितच दिसला असता, इतकंच. वाचकासाठी त्याचा अर्थ "मोठा". फरक अगदी छोटा असूनही संख्याशास्त्राच्या भाषेत लक्षणीय असू शकतो. तेव्हा तो शब्द काढा आणि किती फरक पडला तो आकडा लिहा.

प्रेस नोट आणि रिपोर्टर

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या बाबतीत खरी जोखीम इथे आहे.

आपला सगळ्यांचा समज असा की आपण सावधपणे बोलतो आणि मीडिया फुगवतो. कार्डिफ विद्यापीठाच्या एका गटाने २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या आरोग्यविषयक ४६२ प्रेस नोट, त्यामागचे मूळ पेपर आणि त्यावरच्या बातम्या शेजारी ठेवून तपासल्या. प्राण्यांवरच्या कामातून माणसांबद्दल पेपरपेक्षा जास्तीचं काही सुचवलंय, असं अशा कामावरच्या ३६ टक्के प्रेस नोटमध्येच आढळलं. आणि प्रेस नोटमध्ये ते असेल तर ८६ टक्के बातम्यांत आलं, नसेल तर फक्त १० टक्के. हा नुसता संबंध दाखवणारा अभ्यास आहे, कारण सिद्ध करणारा नाही, हे लक्षात ठेवूनच मी सांगतेय, पण आकडे इतके दूर आहेत की मी तरी त्यानंतर प्रेस नोट दुसऱ्याच्या भरवशावर सोडली नाही. म्हणजे जनसंपर्कवाले जो मसुदा पाठवतील तो "ठीक वाटतोय" म्हणून सोडायचा नाही, तुम्ही स्वतः ओळ न् ओळ बघायचा, आणि "उंदीर" हा शब्द पहिल्याच वाक्यात आणि शीर्षकात पाहिजे. ते म्हणतील असं केलं तर बातमी कुणी घेणार नाही. पुढे २०१९ मध्ये त्याच मंडळींच्या प्रयोगात असं दिसलं की सावध शब्द आणि मर्यादा लिहिल्याने बातम्या कमी झाल्या नाहीत. हे त्यांना शांतपणे सांगा, तेही आपलेच लोक आहेत, त्यांनाही तोंडघशी पडायचं नसतं.

आता हे इतकं का ताणतेय ते सांगते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हे खरं होतं. पण कशाच्या दुप्पट? दर ७००० बायकांत एकीऐवजी दोघी. बातमीत "दुप्पट" आलं, सात हजार मागे पडले, असंख्य बायकांनी गोळ्या थांबवल्या, आणि पुढच्या वर्षभरात इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० जास्तीचे गर्भपात झाले असं मानलं जातं. त्यातली दुर्दैवाची गोष्ट म्हणजे गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो. कुणीही खोटं बोललं नव्हतं. फक्त हे वाक्य ऐकून, हातात गोळीचं पाकीट असलेली बाई आज रात्री काय करेल, हा विचार झाला नव्हता.

तुमच्या बातमीचा वाचक कोण आहे बघा. न्यूमोनियाची पाच दिवसांची औषधं चालू असलेला कुणीतरी, दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागलंय, आणि त्याने वाचलं "अँटिबायोटिकमुळे आतड्यातले चांगले जिवाणू कायमचे नष्ट". तो उरलेल्या गोळ्या घेईल का? मुलाखतीला बसण्याआधी त्या माणसाला डोळ्यासमोर आणा. परीक्षकाऐवजी हा माणूस. मग आपोआप कळतं की पहिलं वाक्य कुठलं आणि मर्यादा कुठे सांगायच्या. आणि कुठलीही टक्केवारी सांगाल तर शंभरात किंवा हजारात आधी किती होते आणि आता किती झाले, हे दोन्ही आकडे त्याच दमात सांगा, नाहीतर टक्केवारी सांगूच नका.

तुमचं वाक्य कसं बदललं असेल याबद्दल माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. पाण्यातल्या जंतूंवर आमचा एक छोटा अभ्यास होता, एका वर्तमानपत्राच्या रिपोर्टरने फोनवर विचारलं, "म्हणजे हे पाणी विषारी आहे का?" मी म्हटलं, "नाही नाही, विषारी आहे असं मी म्हणणार नाही." दुसऱ्या दिवशी मथळा होता, पाणी विषारी असल्याचं नाकारलं, आणि शेजारी माझं नाव. तांत्रिकदृष्ट्या मी तेच बोलले होते. मला फार त्रास झाला, आठवडाभर लोकांचे फोन येत होते आणि त्यात खरोखर घाबरलेली माणसं होती. तेव्हापासून मी एक नियम पाळते: प्रश्नातला जो शब्द मला माझ्या नावाशेजारी नकोय तो मी नकारातसुद्धा उच्चारत नाही. तुम्हाला हमखास विचारतील, "मग अँटिबायोटिक घ्यायचंच नाही का?" त्यावर "घ्यायचं नाही असं नाही" हे उत्तर नको. असं सांगा: "डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आमचं काम उंदरांवरचं आहे, त्यात आम्हाला असं दिसलं की..." आणि मग तुमचं ते एक वाक्य. हे उत्तर आधीच तयार ठेवा, आरशासमोर बोलून बघा, हसू नका त्याला, फोनवर अचानक प्रश्न आल्यावर तोंडातून तेच निघतं जे आधी एकदा तरी निघालेलं असतं.

रिपोर्टर फोन करतो तेव्हा लगेच बोलायचं बंधन नाही. नाव, कुठल्या माध्यमासाठी, कुठल्या बातमीसाठी, लाइव्ह की रेकॉर्डेड, आणखी कुणाशी बोलताय, आणि डेडलाइन कधी एवढं विचारा आणि म्हणा की अर्ध्या तासात मी फोन करते किंवा करतो. आणि तो अर्ध्या तासात खरंच करा, त्यांच्याकडे दिवस कमी असतो, उद्या दिलेलं उत्तम उत्तर त्यांच्या उपयोगाचं नसतं. पेपर अजून प्रसिद्ध झालेला नसेल तर जर्नलची एम्बार्गोची अट, म्हणजे कुठल्या तारखेआधी बातमी द्यायची नाही ते, आजच बघून घ्या, त्या तारखेआधी बातमी आली तर अडचण तुमची होते. "ऑफ द रेकॉर्ड", म्हणजे हे माझ्या नावावर छापू नका, असं बोलून झाल्यावर म्हणून उपयोग नाही, आधी दोघांनी कबूल केलं तरच त्याला अर्थ, आणि नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे.

बोलणं झाल्यावर एक छोटी मेल पाठवा. तीन वाक्यं, दोन आकडे, नावाचं आणि पदाचं अचूक लेखन. अख्खी बातमी छापायच्या आधी दाखवा असं म्हटलं तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील आणि त्यांचंही बरोबर आहे, पण "माझ्या तोंडी जी वाक्यं घालणार आहात ती आणि आकडे एकदा वाचून दाखवाल का" असं विचारलं तर बरेच जण दाखवतात. रेकॉर्डेड मुलाखतीत वाक्य चुकलं तर थांबा, "हे परत सांगतो" म्हणा, ते कापून घेतात. आणि तुमचं उत्तर संपल्यावर रिपोर्टर गप्प राहिला तर ती शांतता भरायला जाऊ नका, नको ते शब्द बहुतेक वेळा तिथेच निघतात.

तरीही चुकीचं छापून आलं तर? आधी बघा चूक तथ्याची आहे की नुसता सूर आवडला नाही. सुरासाठी भांडू नका. तथ्याची असेल तर त्याच दिवशी रिपोर्टरलाच लिहा, चुकीचं वाक्य कुठलं आणि त्याजागी काय हवं ते नेमकं देऊन. ऑनलाइन बातमी बहुधा दुरुस्त करतात. आणि मथळा बहुतेक वेळा रिपोर्टरने लिहिलेलाच नसतो, तो डेस्कवर, म्हणजे कचेरीतल्या संपादकांकडे होतो, त्यामुळे मथळ्याचा राग त्याच्यावर काढून तुम्ही पुढच्या वेळचा आपला माणूस गमावता.

आता तुमचा तो प्रश्न, नाहीच म्हणू का. कधीकधी म्हणा. विषय तुमचा नसेल, वादात एका बाजूला उभं करायला बोलावत असतील, तर "यावर अमुक शाखेतल्या माणसाशी बोला" हे उत्तम उत्तर आहे. पण स्वतःच्या कामावर गप्प बसलं की ती जागा रिकामी राहत नाही. इटलीत लाक्विला शहराला महिनोन् महिने छोटे धक्के बसत होते, ३१ मार्च २००९ ला तज्ज्ञांची बैठक झाली. शास्त्रज्ञांना जे माहीत होतं ते एवढंच की मोठा भूकंप कधी होईल हे सांगता येत नाही. बैठकीच्या सुमारास नागरी संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याने टीव्हीवर मात्र सांगितलं की ऊर्जा हळूहळू बाहेर पडतेय, ते चांगलंच आहे, धोका नाही. "सांगता येत नाही" आणि "होणार नाही" यांत जो फरक आहे तो लोकांसमोर कुणी स्पष्ट केला नाही. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला, तीनशेहून जास्त माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले. कायद्याच्या बाजूने काय बरोबर यावर मी बोलत नाही. पण लोकांसमोर तो फरक त्या शास्त्रज्ञांपैकीच कुणी सांगितला असता तर, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

म्हणून तुमच्या सहा आठवड्यांचं मी असं करीन. पहिले दोन आठवडे ते एक वाक्य आणि तीन मिनिटांची आवृत्ती, त्याच वाक्यावरून प्रेस नोटचा पहिला परिच्छेद स्वतः लिहून जनसंपर्कवाल्यांना द्यायचा, त्यांच्या मसुद्याची वाट बघायची नाही. पुढचे दोन आठवडे स्लाइडची शीर्षकं आणि मग आलेख. शेवटचे दोन नुसते मोठ्याने बोलायचे, आणि त्यातच एक संध्याकाळ मित्राला रिपोर्टर करून दहा वाकडे प्रश्न विचारायला लावायचे, फोनवरून, समोरासमोर नाही. ज्या रिपोर्टरचा फोन येऊन गेलाय त्याला मात्र आजच कळवा की पेपर अमुक तारखेला येतोय, तेव्हा बोलू.

आणि कोर्स. मागच्या रांगेत आवाज पोचत नसेल, घसा बसत असेल, बोलताना श्वास अपुरा पडत असेल तर जरूर करा, त्याचा फायदा होतो, मी स्वतः आवाजाच्या शिक्षिकेकडे काही महिने गेले आहे. पण आत्ता नको. तुम्ही घाईघाईने बोलता असं लिहिलंय, मला वाटतं ते वीस स्लाइड पंधरा मिनिटांत बसवायच्या म्हणून होत असावं, कारण माझ्याकडे आलेल्या बऱ्याच जणांचा वेग स्लाइड निम्म्या केल्यावर आपणहून उतरला. हा टॉक होऊ द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि दोन दिवसांनी ऐका. तेव्हाही आवाजच अडतोय असं वाटलं तर कोर्सला नाव घाला.